रेघ न मारलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. पाठ्यपुस्तक नव्हे आणि गोष्टींचंही नव्हे. मुलं आपली आपण कशी शिकतात आणि मोठ्यांनी तेव्हा काय करावं, याचा विचार माझ्यात आहे. पानं दोनशे बारा, पाठ निळ्या कापडाची, नाव ‘मुलाच्या शेजारी’. माझ्यासारख्या पुस्तकांना लोक लांबूनच मान देतात आणि पुढं जातात. काही थोड्या माणसांनी मात्र मला उघडलं, डोक्यावर घेतलं, आणि त्याच माणसांनी केसानं माझा गळा कापला. मी रडगाणं गायला बसलेलो नाही. पण या हकिकतीत तुमच्या वयाची एक मुलगी आहे, आणि माझ्यापेक्षा तिचं फार जास्त नुकसान होत होतं, म्हणून सांगतो.

मला लिहिलं एका शाळेतल्या बाईंनी. चौतीस वर्षं त्या सगळ्यांत लहान वर्गाला शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी सहा वर्षं मला लिहिलं. छापखान्याच्या मालकांनी कागद चाळले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, खरं सांगू का, हे कोणी वाचणार नाही.”

“ज्याच्या घरात मूल आहे तो वाचेल,” बाई म्हणाल्या.

“घरात मूल असल्यावर वाचायला वेळ कुठं असतो?”

पुढं दोघांचंही खरं ठरलं. माझ्या पाचशे प्रती निघाल्या, दोऱ्यानं शिवल्या गेल्या, आणि गठ्ठ्यांनी निरनिराळ्या गावी गेल्या. मी शिक्षक तयार करणाऱ्या एका विद्यालयाच्या ग्रंथालयात पोचलो. तिथं मी परीक्षेला नव्हतो, त्यामुळं मला कोणी विचारत नव्हतं. एकोणीस वर्षांत मला अकरा जणांनी घरी नेलं, त्यातल्या एकीनं वहीचे चुरगळलेले कागद सरळ करायला माझ्याखाली दाबून ठेवले होते. मग एक दिवस माझ्या पहिल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का बसला आणि मी रद्दीच्या दुकानात आलो.

तिथं मला आई भेटली. माझी नव्हे, खारूची आई.

खारू म्हणजे सहा वर्षांची मुलगी. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आणि भारदस्त होतं, पण ती सतत काहीतरी कुरतडत या फांदीवरून त्या फांदीवर केल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून तिच्या बाबांनी ते नाव ठेवलं होतं. बाबा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचे. आई घरांचे नकाशे काढायची. शाळा सुरू झाली आणि खारूला गणवेश अंगावर चढला की उलटी होऊ लागली. तिच्या वर्गात मुलांना एकेक करून उभं करत आणि मोठ्यानं वाचायला लावत. आईनं दोन महिने पाहिलं आणि तिला शाळेतून काढलं. तिनं नोकरी अर्धवेळ केली, नकाशे घरी आणले आणि ठरवलं की आता खारूला आपणच घरी शिकवायचं.

ठरवलं खरं, पण शिकवायचं कसं? शेजारणी म्हणाल्या, वेड लागलंय. नणंद म्हणाली, आमच्या घराण्यात सगळे शाळेत गेले आणि कोणी मेलं नाही. अशा वेळी माणूस पुस्तकाकडे वळतो. आईनं कायकाय आणलं होतं, ते मला पुढं तिच्या कपाटात शेजारी म्हणून भेटलं. एका पुस्तकात मूल तीस दिवसांत हुशार करून द्यायची हमी होती. दुसऱ्यात पाच दिवसांत. तिसऱ्यात लेखकाचे स्वतःचे फोटोच सव्वीस होते. फोनवर ती तासन्‌तास लेख वाचायची, आणि प्रत्येक लेख शेवटी काहीतरी विकत घ्या म्हणायचा. तिला कृती नको होती. तिला कोणीतरी खांद्यावर हात ठेवून, तू करते आहेस ते बरोबर आहे, असं म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी ती दुकानात जुने नकाशे द्यायला आली होती. तराजूशेजारी मी पालथा पडलो होतो. तिनं मला सरळ केलं, सहज एक पान उघडलं आणि उभ्यानं चार पानं वाचली. रद्दीवाला म्हणाला, “बसा की, स्टूल आहे.” ती बसली आणि आणखी वीस पानं वाचली.

मित्रांनो, पुस्तकाच्या आयुष्यात अशी दुपार एकदाच येते. मी त्या घरी गेलो आणि खरोखर सुखात राहिलो. आई मला स्वयंपाकघरात वाचायची. बाबा जेवायला बसले की त्यांना वाचून दाखवायची, आणि ते घास हातात धरून ऐकायचे. तिला आवडलेल्या वाक्याखाली ती मऊ शिसाची पेन्सिल आणि सहा इंची पट्टी लावून रेघ ओढायची. नकाशे काढणारीचा हात होता तो, रेघ कधी अक्षराला लागली नाही. आणि ती नुसती वाचत नव्हती, तसं करतही होती. खारू जिन्याच्या पायऱ्या मोजायची, त्यांची उंची मापायची. सातव्या वर्षी तिनं आपल्या घराचा नकाशा काढला आणि त्यात प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं तेही दाखवलं. बाबांच्या बोलण्यावरून लिफ्टला उलटं वजन का लागतं ते तिनं चमचा आणि दोरा घेऊन मलाच टांगून सिद्ध केलं. मी जमिनीवर आपटलो, पण मला राग आला नाही.

पुढं आईला तिच्यासारखीच धडपडणारी आणखी चार घरं सापडली. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी सकाळी पाच घरांचं मंडळ भरू लागलं. त्यात शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या, त्यांचा धाकटा होता, आणि जुळ्यांचे बाबा होते. जुळ्यांचे बाबा पाणी गाळायची यंत्रं विकायचे. माणूस उत्साही, बोलका आणि घाईतला. मला पाहून ते म्हणाले, “पुस्तक उत्तम आहे. पण दोनशे बारा पानं वाचणार कोण? आपण याचा अर्क काढू.”

अर्क काढायची रीत त्यांनीच घालून दिली. मी आठवडाभर एका घरी राहायचं. त्या घरानं फक्त आधीच्यांनी रेघ मारलेली वाक्यं वाचायची, आणि त्यातली उत्तम तेवढी आपल्या रंगानं पुन्हा अधोरेखित करायची. मग पुढचं घर. पहिल्या रेघा आईच्या होत्या. दुसऱ्या घरी लाल शाई आली, तिसऱ्या घरी हिरवी. पाचव्या घरातून बाहेर पडलो तेव्हा दोनशे बारा पानांमधली नऊ वाक्यं उरली होती. ती नऊ वाक्यं टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक घराच्या कपाटाच्या दारावर चिकटवली गेली. ज्याचा धंदाच गाळायचा त्यानं गाळलं, त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की आईनंही तो कागद दारावर लावला आणि मला फळीवर ठेवलं. जिनं मला स्टुलावर बसून वाचलं होतं, तीसुद्धा त्यानंतर कागदच वाचू लागली.

त्या कागदावरचं चौथं वाक्य असं होतं: ‘मूल वाचायला लागेल तेव्हा लागेल, घाई करू नका, थांबा.’

हे वाक्य माझंच आहे, सत्त्याऐंशीव्या पानावरचं. पण ते तिथं संपत नाही. त्याच्या लगेच पुढं बाईंनी लिहिलंय: ‘पण थांबणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. रोज मुलाच्या शेजारी बसा आणि ते कुठं अडतं ते पाहा. सहा महिने एकाच जागी अडलं, तर हे पुस्तक मिटा आणि मुलाला जाणत्या माणसाकडे न्या.’ छापखान्यात तिसरं प्रूफ आलं तेव्हा बाईंनी ही वाक्यं हातानं वाढवली होती. मालक वैतागले होते. बाई म्हणाल्या होत्या, “एवढं घाला, नाहीतर लोक माझ्या नावावर पोरांना वाऱ्यावर सोडतील.” आई पहिल्यांदा त्या पानाशी आली तेव्हा खारू सहाच वर्षांची होती. पुढचं आपल्याला लागू नाही असं तिला वाटलं असावं. तिनं ‘थांबा’पर्यंत पट्टी लावली आणि पान उलटलं. तिच्या रेघेपुढं मग कोणीच गेलं नाही. अर्ध्या हळकुंडानं अख्खं मंडळ पिवळं झालं.

आणि खारू आठ वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं.

हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण खारू फार चलाख होती. एकदा ऐकलं की तिला पाठ व्हायचं. आईनं वाचून दाखवलेली गोष्ट ती पुस्तक धरून जशीच्या तशी म्हणायची आणि पान बरोबर जागी उलटायची. पण मला माहीत होतं. दुपारी आई नकाशांवर वाकलेली असली की खारू मला फळीवरून काढायची, सोफ्यामागं जाऊन बसायची आणि माझ्या मुखपृष्ठावर बोट ठेवायची. ‘मुलाच्या’ तिला कसंबसं जमायचं, कारण त्यातली अक्षरं तिच्या ओळखीची होती. पुढचा शब्द आला की बोट थांबायचं, मागं यायचं, पुन्हा थांबायचं. अक्षरं तिच्यासमोर एका जागी ठरत नसत. सहा महिने, मित्रांनो, सहा महिने ती त्याच एका शब्दापाशी अडत होती. तिच्या बोटाच्या घामाचा डाग अजून माझ्यावर आहे. मी ओरडून सांगितलं असतं, पण पुस्तकाला कोणीतरी उघडावं लागतं.

बाबांना थोडी शंका आली होती. एका सकाळी डबा भरता भरता ते म्हणाले, “अगं, खारूनं काल लिफ्टच्या दारावरची पाटी वाचली नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, तुम्हीच वाचा, मला कंटाळा आलाय.”

“कंटाळा आला असेल.”

“तिला येत नाही गं वाचायला.”

“येईल. थांबायचं असतं. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय.”

“कुठं लिहिलंय, दाखव बघू.”

आईनं कपाटाच्या दाराकडे बोट केलं. बाबांनी तो कागद वाचला, मान हलवली आणि डबा घेऊन गेले. मी त्याच भिंतीवर, त्या कागदापासून हातभर अंतरावर होतो. त्या दिवशी दोघांपैकी एकानं जरी हात वर केला असता तर खारूचे पुढचे चार महिने वाचले असते.

मग तो शनिवार आला. मंडळात मला दर वेळी नेत, मधल्या टेबलावर मानाच्या पाहुण्यासारखं ठेवत आणि उघडत मात्र नसत. मोठी माणसं ‘मुलांवर विश्वास’ या विषयावर बोलत होती. जुळ्यांनी पलीकडे चिठ्ठ्यांचा खेळ मांडला होता. चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि तसं करून दाखवायचं. खारूनं आधी दोघांचं पाहिलं. ते दोघेही उड्या मारत होते. तिची पाळी आली तेव्हा तिनं चिठ्ठी उघडली, नीट पाहिली आणि ऐटीत बेडूकउडी मारली.

चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘खिडकी लाव.’

पोरं ती मोठ्यानं वाचून हसली. तिनं दुसरी चिठ्ठी उचलली आणि पुन्हा उडी मारली. आता कोणी हसलं नाही. जुळ्यांपैकी एक म्हणाला, तसा तो दुष्ट नव्हता, “अरे, हिला वाचताच येत नाही.” मोठ्यांचं बोलणं थांबलं. खारू खिडकीपाशी गेली, खिडकी लावली आणि आईकडे पाठ करून तिथंच उभी राहिली.

घरी आल्यावर आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी पिशवीतच होतो, पिशवी दोघींच्या मध्ये होती.

“खारू, मला का नाही सांगितलंस?”

“तुला माहीत नव्हतं?”

“नाही गं. मी वाट बघत होते. तुला आपोआप यायची.”

“मीपण वाट बघत होते,” खारू म्हणाली.

“कशाची?”

“तू विचारायची.”

खारू आत गेल्यावर आईनं मला पिशवीतून ओढून काढलं. रागानं काढलं. ज्यांच्या शब्दावर आपण विसंबलो त्या बाईंना जाब विचारायचा होता तिला. सत्त्याऐंशीवं पान उघडलं, तिची स्वतःची सरळ रेघ सापडली, आणि नजर पहिल्यांदाच रेघेच्या पुढं गेली. तिनं ती तीन वाक्यं वाचली. पुन्हा वाचली. मग पट्टीनं मापल्यासारखं बोट त्या ओळींखालून नेलं आणि मला मिटलं.

मला वाटलं, सुटलो. उशीर झाला, पण आता खरं बाहेर येईल.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं खारूला एका जाणत्या बाईंकडे नेलं. अडलेल्या मुलांना वाचायला शिकवणं हेच त्यांचं काम होतं. खारू मुळीच मठ्ठ नाही, तिला फक्त वेगळ्या वाटेनं शिकवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी मी आईला कधीही नावं ठेवणार नाही. पण पुढच्या शनिवारी मंडळ भरलं. सगळे कळवळले होते. जुळ्यांचे बाबा म्हणाले, “वहिनी, तुमची काही चूक नाही. आपण सगळ्यांनी तेच वाचलं होतं. पुस्तकच दगा देणारं निघालं.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. मी टेबलावर होतो. तिला फक्त पान उघडायचं होतं.

“हो,” आई म्हणाली. “पुस्तकानं घात केला.”

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हणतात, पण संन्याशाची गाठ निदान अनोळखी माणसांशी पडली होती. माझ्यावर हात ठेवून ज्या बाईनं तीन वर्षं दिवस काढले, तिनं खरं वाचल्यानंतर हे म्हटलं. मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथं वाळवी नव्हती, ओल नव्हती. पण मी तिथं जितका झिजलो तितका रद्दीच्या तराजूशेजारीही झिजलो नव्हतो. आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की नऊ वाक्यांचे कागद बाकीच्या घरांतून काढले तरी ती तीन वाक्यं कोणालाच कळली नाहीत. काकूंचा धाकटा आता सात वर्षांचा होता, पुस्तक धरून गोष्टी धडाधड म्हणत होता, आणि त्याच्या घरी सगळे कौतुक करत होते.

दीड वर्षानं, तीन महिन्यांपूर्वी, खारू माळ्यावर जुना नकाशा शोधायला चढली आणि मी हाती लागलो. ती आता दहा वर्षांची आहे. हळू वाचते, प्रत्येक अक्षराला हात लावून वाचते. घाईनं वाचणाऱ्यांना रेघा दिसतात. तिला रेघेच्या आणि बिनरेघेच्या ओळी सारख्याच. तिनं माझं नाव आधी वाचलं, दोन्ही शब्द. मग मला घेऊन स्वयंपाकघरात आली आणि रोज एकेक पान मोठ्यानं वाचू लागली. आई भाजी चिरताना ऐकायची. तिनं मला पुन्हा माळ्यावर टाकलं नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

आज सकाळी सत्त्याऐंशीवं पान आलं. खारूनं पहिलं वाक्य वाचलं आणि थांबली नाही. ‘पण थां-ब-णं म्हणजे पाठ फिर-वणं नव्हे.’ आईच्या हातातली सुरी थांबली. खारूनं शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा मनात वाचलं.

“आई, तू हे वाचलं नव्हतंस?”

आईला ‘नाही’ म्हणता आलं असतं. तिनं सुरी बाजूला ठेवली. “वाचलं होतं. तू मंडळात उडी मारलीस ना, त्या दिवशी.”

“मग सगळ्यांना पुस्तक वाईट आहे असं का सांगितलंस?”

“मला लाज वाटली,” आई म्हणाली. “आणि पुस्तक काही बोलणार नव्हतं.”

खारूनं थोडा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता.

“मीपण बोलले नव्हते,” ती म्हणाली.

आई उठली, हात धुतले, आणि काकूंना फोन लावायला गेली. काकू तो उचलतात की नाही, आणि उचलला तर आई काय सांगते, ते मला अजून कळलेलं नाही. मित्रांनो, जुन्या पुस्तकांनी शेवटी धुळीबद्दल आणि फाटलेल्या पानांबद्दल विनवणी करायची असते. माझी विनवणी वेगळी आहे. तुम्हाला काही जमत नसेल आणि मोठी माणसं कौतुकानं थांबून राहिली असतील, तर पाठ झालेलं म्हणून दाखवू नका. त्यांच्या हातातलं काम बाजूला करा आणि सांगा, मला हे येत नाही. माझी पानं मिटलेली राहू शकतात. तुमचं तोंड मिटलेलं ठेवू नका.